तिसऱ्या ऐनाजवळची मकडी

आख्ख्या गावाच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना धरून धरून डोळ्यांच्या शिबिराला नेणारी बाई मी. गावची आशा सेविका आहे ना! ज्या आजीनं बैलगाडी अन् एसटी सोडून कशात पाय ठेवला नव्हता, तिला मी दवाखान्याच्या गाडीत बसवलं. एक म्हातारा 'डोळा काढून काचेचा बसवतात' म्हणून गोठ्यात लपून बसला होता, त्यालाही बाहेर ओढून नेलं. सगळे हिरवी पट्टी बांधून परत आले आणि आता चौकात बसून कोणाच्या सुनेनं कोणती साडी नेसली ते बरोबर सांगतात. अन् माझा स्वतःचा बाप? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

"मले दिसते." एवढंच त्यांचं उत्तर. चार वर्षं तेच.

काय दिसते, कप्पाळ! एकदा दोरीवर वाळत घातलेल्या पँटला त्यांनी विचारलं, "केव्हा आला बे?" ती माझ्या भावाची पँट होती आणि भाऊ तिकडे घुग्घुसला होता, कोळशाच्या खाणीत ड्यूटीवर. मी हसले तर म्हणाले, थट्टा केली. भाताच्या ताटात वरणाऐवजी पाणी ओतून घेतलं, तर म्हणाले, आज पातळ खावंसं वाटलं. असा माणूस. आई गेल्यापासून घरात एकटेच राहतात. माझं सासर त्याच गावात, चार घरं सोडून, म्हणून दोन वेळचा डबा आणि दोन वेळची कटकट दोन्ही माझ्याकडे.

आमच्या घरी धानाची थोडी शेती आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं कोश्याचं काम. सावली गावाच्या पुढे, नदीकडच्या जंगलाच्या कडेला ऐनाच्या झाडांचा एक पट्टा आहे. तिथं कोश्याच्या अळ्या झाडावर चढवायच्या, त्या पानं खाऊन अंगठ्याएवढ्या होतात आणि मग स्वतःभोवती कोसा विणतात. त्याच कोश्याचं रेशीम. पण अळी झाडावर आहे तोवर माणसाला सुख नाही. पाखरं येतात, मुंग्या येतात, गांधीलमाशा येतात. दिवसभर झाडाखाली उभं राहून हाकलायचं. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट डहाळी कापून दुसऱ्या झाडावर ठेवायची.

आणि त्यात आमच्या घरची रीत. अळ्या झाडावर असेपर्यंत राखणाऱ्यानं मासळी खायची नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, आंघोळ केल्याशिवाय पट्ट्यात शिरायचं नाही. आणि बायांनी तर शिरायचंच नाही. पट्ट्याच्या तोंडाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे, तिथपर्यंत आमची हद्द. फुटक्या कोश्यातून मांडीवर धागा वळायला बाया चालतात, अळीजवळ जायला नाही. मी लहानपणी आईला विचारलं होतं, काऊन? आई म्हणाली, "तुह्या बाले इचार." बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुह्या मायले इचार." अजून कोणी सांगितलं नाही.

तर गेल्या वर्षी नवरात्रात बाबांनी शेवटच्या पिकाच्या अळ्या झाडावर चढवल्या, आणि त्याच सुमारास मला त्यांच्या कपाळावर तो धागा दिसायला लागला.

दुपारचा डबा घेऊन मी दगडाशी जायची, हाक मारायची, ते आतून यायचे. रोज भुवयांवर नाहीतर टोपीवर एक पिवळा, चकाकणारा तंतू चिकटलेला. सोन्याच्या तारेसारखा. पहिल्या दिवशी मी पुसला. दुसऱ्या दिवशी पुसला. तिसऱ्या दिवशी दगडाशी उभं राहून आत नीट पाहिलं तर पाचसहा पावलांवर, तिसऱ्या ऐनाजवळ, ती होती. मकडी. पुस्तकातला कोळी म्हणजे घराच्या कोपऱ्यातलं बारीक काहीतरी. ही माझ्या तळहाताएवढी, काळी, पोटावर पिवळे पट्टे, पायांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके. दोन ऐनांच्या मधे खाटेएवढं जाळं, आणि त्यात डोकं खाली करून बसलेली. जाळं पायवाटेच्या बाजूला होतं, पण ते ताणून धरायला तिनं एक लांबच लांब धागा वाटेवरून पलीकडच्या मोहाच्या झाडाला नेऊन बांधला होता. नेमका माणसाच्या कपाळाच्या उंचीवर. उन्हात तो धागा लांबून चमकत होता. मला दगडापासून दिसत होता. आणि माझा बाप रोज सकाळी त्यात डोकं घालत होता!

"बाबा, येवढा धागा तुमाले दिसत नाई?"

"दिसते."

"मंग वाकून काऊन जात नाई?"

"मकडीले भेऊन वाकू का मी?"

घ्या. आता या माणसाशी कोणी बोलावं? संध्याकाळी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबाले समजाव न जरा." हे त्याचं नेहमीचं. मोटारसायकलवर बसून शिफ्टला जाता जाता म्हणायचं, समजाव. म्हणजे झालं, त्याचं कर्तव्य संपलं.

डबा खाऊन होईपर्यंत मला दगडाशी बसावं लागायचं, कारण रिकामा डबा परत न्यायचा असतो. मग करायचं काय? त्या मकडीकडे पाहत बसायची. आधी किळस यायची, मग सवय झाली. खोटं कशाला बोलू, मग मी चार मिनिटं लवकर यायला लागले.

तिची शिकार मी पुष्कळदा पाहिली. एक टोळ उडत येऊन जाळ्यावर आदळला, तर ही धावत सुटली नाही. पुढच्या पायांनी तिनं एकेक धागा हलका ओढून पाहिला. विहिरीत बादली भरली का, हे आपण दोर ओढून पाहतो तसं. कुठल्या धाग्याला ओझं आहे ते कळलं, तशी सरसर तिकडे गेली आणि सगळ्यात आधी चावली. गुंडाळणं नंतर. टोळाची तडफड थांबेपर्यंत दात रोवून बसली, मग मागच्या पायांनी पोटातून धागा ओढून त्याला गुंडाळलं, उचलून जाळ्याच्या मधे नेलं आणि टांगून ठेवलं. एकदा ऐनाचं वाळकं पान जाळ्यात पडलं. तिनं तसाच धागा ओढून पाहिला, गेली, भोवतीचे धागे तोडून पान खाली टाकून दिलं आणि जागेवर येऊन बसली. त्याच जाळ्याच्या कडेला एक इवलासा तांबडा मकडा बसून असायचा, तिच्या एका पायाएवढाही नाही. तो तिचा नवरा, असं मला वन विभागाच्या चौकीदारानं सांगितलं. शिकार तिनं करायची, हा कडेला बसून उरलंसुरलं खाणार. मला घुग्घुसच्या फोनची आठवण झाली.

त्याच चौकीदारानं आणखी एक सांगितलं, आणि मूर्खासारखं मी ते बाबांना जाऊन सांगितलं. "बाबा, त्या मकडीले आठ डोळे हायेत म्हणे, पण तिले नीट दिसत नाई. सगळं धाग्यावरून ओळखते."

बाबांचा घास हातातच राहिला. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "पाय! आठ डोळेवालीले दिसत नाई, तरी उपाशी मरून राह्यली का ती? माह्ये तर दोनच हायेत. जाय, सांग तुह्या डाक्टरले."

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला मी. त्या दिवसापासून शिबिराचं नाव काढलं की मकडी पुढे. रस्त्यात बैल आडवा आला, दिसला नाही, तर मकडी. विळा समजून कोयता उचलला, तर मकडी. शेवटी मला त्या जनावराचाच राग आला. त्यांच्या कपाळावर रोज तो धागा पाहून माझं डोकं उठायचं. वाटायचं, एक दिवस ती मकडीच यांच्या तोंडावर बसेल, चावेल, अन् हे म्हणतील, दिसली होती मले.

म्हणून कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या आधी पट्ट्याकडे गेले. सोबत आकडी घेतली, म्हणजे शेंगा ओढायचा लांब बांबू. पाय दगडाच्या अलीकडेच ठेवले, रीत मोडली नाही, आणि बांबू लांबवून वाटेवरचा तो एक धागा तोडला. तुटता तुटेना. बांबूला गुंडाळून ओढावा लागला. जाळं एका बाजूला लोंबलं, मकडी वर चढून पानाआड गेली. मी म्हटलं, बरं झालं, जागा बदल आता. आणि आपल्या कामाला निघून गेले. दोन घरी लसीचं सांगायचं होतं.

दुपारी डबा घेऊन आले. हाक मारली, उत्तर नाही. दुसऱ्यांदा जोरानं मारली.

"ओरडू नोको." आवाज ऐनाकडून आला नाही. सरळ पुढून, खालून आला. तिथं नाला आहे.

डबा टाकून मी पुढे पाऊल उचललं तोच पुन्हा आवाज. "थांब! तुह्या बांगड्या वाजून राह्यल्या. दगड ओलांडजो नोको! नाल्याकून ये!"

आता सांगा! माणूस नाल्यात पडलाय, आणि तिथून मला रीत शिकवतोय. मी शिव्या देत देत बाहेरून वळसा घातला, काट्यातून नाल्यात उतरले. बाबा चिखलात बसले होते. उजवं मनगट सुजून वांग्याएवढं झालेलं. सकाळपासून तसेच. मला वाटलं आता तरी म्हणतील, मला दिसलं नाही. नाव नाही! त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा.

"आज धागा काऊन नोयता?"

मी त्यांचा हात पाहत होते. म्हटलं, "कोणता धागा?"

"मकडीचा. तो कपाळाले लागला का मी डाव्या हाताले वळतो. आज लागलाच नाई. मी म्हणलं, अजून यायचा असन. चालत राह्यलो."

मी तिथंच चिखलात बसले. एवढे दिवस मी समजत होते की धागा दिसत नाही म्हणून ते त्यात डोकं घालतात. ते मुद्दाम डोकं घालत होते. तिसऱ्या ऐनाशी वाट फुटते, डावीकडे अळ्या, सरळ नाला. ते वळण त्यांना दिसतच नव्हतं.

"अन् मकडी नोयती तेव्हा?"

"पावलं मोजत होतो दगडापासून. पण पावलं चुकतात. धागा चुकत नाई. मी तोडतो, ती पुन्हा बांधते."

"मी तोडला तो, बाबा. आज सकाळी."

ते म्हणाले, "तिनं तुहं काय बिघडवलं होतं?"

मला इतका राग आला, इतका राग आला! त्यांचा, माझा, मकडीचा, सगळ्यांचा. आणि रडूही आलं. चार वर्षं खोटं बोलून एक माणूस पावलं मोजत जंगलात जात होता आणि मी, गावची आशा, डबा देत होते. त्यांना उठवलं, कमरेला धरून गावात आणलं, तिथून गाडी करून जिल्ह्याच्या दवाखान्यात. हाताला प्लास्टर झालं. आणि आता सापडलेच आहेत म्हणून मी त्यांना तसंच डोळ्यांच्या खोलीत नेलं. एका हातानं विरोध किती करणार?

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. खूप वेळ तपासलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मोतीबिंदू आहेच, पण त्याच्यामागे काचबिंदूही आहे. उजवा डोळा गेलेला आहे. डाव्याचं ऑपरेशन करू, पण फार तर उजेड आणि सावली कळेल. "दोन वर्षं आधी आणायचं होतं," त्या म्हणाल्या, "तुम्ही तर आशा आहात ना?"

आहे.

तोवर अळ्यांजवळ कोण? मी जाते म्हटलं तर घरात भूकंप. शेवटी घुग्घुसहून भाऊ आला, पंधरा दिवस सुट्टी काढून. पोटात असल्यापासून या अळ्यांचं मी ऐकलेलं, पण आत जाणार तो, कारण तो पुरुष. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "अळी आजारी हाय हे कसं ओळखतात गं?" मी दगडाशी उभी राहून ओरडून ओरडून सांगत होते, कोणती डहाळी काप, कुठं मुंग्या चढल्या. तो म्हणे डास चावतात. चौथ्या दिवशी त्यानंच मला सांगितलं की मकडीनं धागा पुन्हा बांधला आहे, तिथंच, आणि तो रोज वाकून जातो.

प्लास्टर गळ्यात अडकवून, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून बाबा घरी आले. धूळ नको, धूर नको, ओझं नको, अशी यादी दिली होती डॉक्टरांनी. त्यातलं एकही ऐकलं नाही. भाऊ ज्या दिवशी गेला त्या दिवशी हे पट्ट्यात.

"दिसते का आता?" मी विचारलं.

"पयलेही दिसत होतं."

हात जोडले मी. पण धागा तोडला नाही. रोज दगडापासून पाहायची. ते हळूहळू जायचे, कपाळाला धागा लागायचा, डावीकडे वळायचे. आत अळीला बोट लावून, ती घट्ट आहे की लिबलिबीत, यावरून ते बरी-आजारी ओळखत होते. तेवढं मात्र त्यांना भावापेक्षा आणि माझ्यापेक्षाही चांगलं जमत होतं, हे मला मान्य करावं लागलं.

मग थंडी पडली. मार्गशीर्ष लागला. अळ्या कोसा विणायच्या बेतात आल्या, पट्ट्यात सगळ्यात जास्त राखण तेव्हाच लागते. आणि मकडी सुस्तावली. जाळ्याला भोकं पडली तरी ती सांधेना. एक दिवस ती जागेवर नव्हती. चौकीदार म्हणाला, त्यांचं आयुष्यच तेवढं असते बाई, थंडी आली का मरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बाबांच्या मागोमाग गेले आणि दगडाशी थांबले. ते आत गेले. तिसऱ्या ऐनाजवळ त्यांचं पाऊल मंदावलं. मान थोडी पुढे केली. काही लागलं नाही. बरा हात पुढे करून हवेत फिरवला. एक पाऊल पुढे गेले, मागे आले. पुन्हा हात फिरवला. मग ते वाटेतच खाली बसले.

"थकलो जरासा," मोठ्यानं म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं.

मी दगडाशी उभी राहून म्हणाले, "डाव्या हाताले वळा, बाबा."

"मले दिसते," ते म्हणाले आणि उठून वळले.

घरी येऊन मी आईची पत्र्याची पेटी उघडली. त्यात तिनं मांडीवर वळून ठेवलेल्या कोश्याच्या धाग्याचं एक बोंडूक, म्हणजे गुंडाळी होती, शेवटची. ती गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, डोक्याला तेल लावलं नाही, आणि उजाडताच पट्ट्याकडे गेले. दगडाशी चपला काढल्या. एकदा वाटलं, राहू दे. मग ओलांडला. काही झालं नाही. आभाळ जागच्या जागी होतं.

तिसऱ्या ऐनाला एक टोक बांधलं, धागा वाट ओलांडून मोहाला नेला. दुसरी गाठ मारत होते तोच बाबांचा खाकरा ऐकू आला. नेमके त्या दिवशी लवकर! परतायला वाट एकच. मी ऐनाच्या खोडाला चिकटून उभी राहिले आणि दोन्ही हातांच्या बांगड्या घट्ट धरून ठेवल्या.

ते आले. थांबले. धागा चेहऱ्याला लागला होता. त्यांनी दोन बोटांत तो धरला, चोळून पाहिला, आणि धरत धरत माझ्याच झाडाकडे आले. गाठीपर्यंत. त्यांचं बोट माझ्या खांद्यापासून वीतभर दूर होतं. गाठ चाचपायला त्यांना खूप वेळ लागला. आता दगडावरून बोलणी बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"हा तुह्या मायनं वळलेला धागा हाय," ते म्हणाले. "असा वाटेवर वाया नोको घालवू. उद्यापासून सुतळी बांधजो."

डावीकडे वळले, दोन पावलं गेले, आणि मान न वळवता म्हणाले, "अन् जरासा वर बांधजो. नाकाले लागते."